‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पार्सल मात्र हातात नाही: तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या शब्दांत करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅपमध्ये पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण घरात कोणालाच मिळालेलं नाही. विक्रेता म्हणतो कुरियरला विचारा, कुरियर म्हणतं विक्रेत्याला विचारा. शिवाय त्याच विक्रेत्याकडून आलेल्या दुसऱ्या खोक्यात हेडफोनऐवजी भलतंच काहीतरी निघालं, आणि ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही, आता काही होणार नाही’ असं उत्तर मिळालं. पैसे कार्डाने भरले आहेत. आता काय?

मी आधी कुरियरच्या तक्रार विभागात होतो आणि नंतर विक्रेत्यांच्या बाजूने नुकसानभरपाईचे दावे हाताळत आलो. त्यामुळे दोन्ही टोकांना तुमची तक्रार कशी वाचली जाते ते मला माहीत आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ग्राहक पार्सलच्या मागे धावतो आणि दमतो. पार्सल कुठे आहे हे फोनवर बोलणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा खरोखरच माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त नोंदी असतात. तेव्हा तुम्हीही नोंदींच्या मागे लागा. प्रकरण तिथेच हलतं.

आधी जबाबदारीचं बघू. तुम्ही पैसे विक्रेत्याला दिलेत. कुरियर नेमला विक्रेत्याने, करार त्या दोघांचा. त्यामुळे ‘कुरियरला विचारा’ हा सल्ला म्हणून ठीक आहे, पण त्याने विक्रेत्याची सुटका होत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: माल ग्राहकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत हरवण्याची आणि मोडण्याची जोखीम विक्रेत्याची. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातही तेच आहे. अमेरिकेत मुदत न सांगता घेतलेल्या ऑर्डरचा माल ३० दिवसांत रवाना करावा लागतो. जमत नसेल तर उशिराला ग्राहकाची संमती घ्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. शब्द वेगवेगळे असले तरी कोणताही कायदा ग्राहकाला ‘तुमचं तुम्ही कुरियरशी बघून घ्या’ असं सांगत नाही.

यात एक खाच आहे. ‘त्याने सांगितलेल्या माणसाच्या’ हे शब्द पुन्हा वाचा. अ‍ॅपमध्ये तुम्ही कधीतरी ‘दाराशी ठेवा’, ‘शेजारी द्या’ किंवा ‘सुरक्षारक्षकाकडे द्या’ असा पर्याय निवडून ठेवला असेल, तर त्या जागी किंवा त्या माणसाकडे गेलेलं पार्सल तुम्हालाच मिळालं असं विक्रेता म्हणू शकतो. हे पर्याय एकदा निवडले की पुढच्या सगळ्या ऑर्डरींना लागू राहतात आणि माणूस ते विसरून जातो. महागाची वस्तू मागवण्याआधी ते काढून टाकलेले बरे. वाहतूकदार विक्रेत्याने न सुचवता तुम्ही स्वतः ठरवला असेल, तर तेव्हाही जोखीम तुमच्याकडे येते.

आता पहिला दिवस. ऑर्डरमध्ये खरोखर कोणता पत्ता गेलाय ते उघडून बघा. डोक्यातला पत्ता आणि ऑर्डरमधला पत्ता वेगळा निघण्याचे प्रकार तुम्हाला वाटतात त्याहून जास्त होतात: जुनं घर, ऑफिस, कोणाला तरी भेट पाठवताना भरलेला पत्ता. नकाशावरची खूण चुकीच्या इमारतीवर असेल तर लिहिलेला पत्ता अचूक असूनही पार्सल आणणारा माणूस तिकडेच जातो, कारण तो पत्ता वाचत नाही, खुणेच्या मागे जातो. मग घरातली माणसं, शेजारी, रखवालदार, जिन्याखालची जागा, मीटरची पेटी. यात अर्धा तास जातो, पण पुढच्या पत्रात ‘सगळीकडे विचारलं’ असं खरेपणाने लिहिता येतं.

बऱ्याचदा पार्सल अजून गाडीतच असतं. पार्सल पोहोचवणाऱ्या माणसाला दिवसाचा कोटा असतो, पैसे बहुतेक ठिकाणी नगावर मिळतात, आणि दिवस संपताना हातात उरलेली पार्सलं ‘राहिली’ दाखवली तर त्याचीच चौकशी होते. मग तो ती आधीच ‘डिलिव्हर्ड’ मारून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून देतो. हे चुकीचंच आहे, पण चोरी नव्हे. म्हणून एक कामाचा दिवस थांबायला हरकत नाही. तक्रार मात्र त्याच दिवशी नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. थांबायचं ते क्रमांक हातात आल्यावर. त्या माणसावर फोनवर आरडाओरडा करू नका. तो एकटाच असा आहे ज्याला ते पार्सल शेवटी कोणाच्या हातात दिलं हे आठवण्याची शक्यता आहे, आणि शांतपणे विचारलं तर तो बहुधा सांगतो.

ट्रॅकिंगचं पान बघताना शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचा. हबमध्ये (पार्सलं वेगळी करून पुढे पाठवणाऱ्या मोठ्या केंद्रात) आलं, हबमधून निघालं, स्थानिक केंद्रात आलं, वाटपासाठी बाहेर पडलं, पोहोचलं, असा क्रम असायला हवा. ‘वाटपासाठी बाहेर’ ही नोंदच नसताना थेट ‘पोहोचलं’ दिसत असेल, तर पार्सल गाडीत चढलेलंच नसण्याची दाट शक्यता. केंद्र सोडल्यावर काही मिनिटांतच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा असेल आणि तुमच्या फोनवर एकही मिस्ड कॉल नसेल, तर तो शेरा केंद्राच्या दारातच मारलेला आहे. ट्रॅकिंगच्या पानाचे आणि कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. ट्रॅकिंगच्या नोंदी कायम राहत नाहीत, काही महिन्यांनी पान कोरं होतं.

‘हबमध्ये आलं’ या ओळीवर पार्सल आठवडाभर अडकलेलं असेल तर बहुतेक वेळा लेबलचा घोळ असतो. विक्रेत्याने वापरलेलंच खोकं पुन्हा वापरलं आणि जुना बारकोड झाकला नाही, तर यंत्र कधी नवा बारकोड वाचतं, कधी जुना. लेबल गळून पडलं तर पार्सल बेवारस मालाच्या खोलीत जातं. तिथे ते उघडून आतल्या वस्तूच्या वर्णनावरून मालक शोधतात. अमेरिकेच्या टपाल खात्याचं असं केंद्र अटलांटात आहे. मोठ्या कुरियर कंपन्यांच्याही अशा खोल्या असतात. तिथल्या कारकुनाला ‘कपड्यांचं पार्सल’ एवढ्यावरून काही सापडत नाही. ‘गडद हिरवा, पूर्ण बाह्यांचा, एक्सएल मापाचा शर्ट, पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत काळा पट्टा’ असं लिहिलं तर सापडतं. इलेक्ट्रॉनिक वस्तू असेल तर बिलावरचा अनुक्रमांक किंवा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्या.

परदेशातून टपालाने येणाऱ्या पार्सलचा क्रमांक जागतिक टपाल संघाच्या ठरलेल्या साच्यात असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. त्या नऊ अंकांतला शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे एक अंक चुकला तरी क्रमांक बहुधा अवैध ठरतो. सीमा ओलांडल्यावर हाच क्रमांक पोहोचणाऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. विक्रेत्याने दिलेल्या दुव्यापेक्षा तिथे पुढची नोंद दिसू शकते. सीमाशुल्काच्या टप्प्यावर काही दिवस काहीच हलत नाही, त्याचा अर्थ लगेच ‘हरवलं’ असा घेऊ नका.

एक फसवणूक खास सांगतो, कारण ती ओळखता आली नाही तर चांगली तक्रारही फेटाळली जाते. अनोळखी, भरमसाट सवलत देणारा विक्रेता तुमच्याच शहरातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी पत्त्यावर एक रिकामं पाकीट पाठवतो आणि त्याचा ट्रॅकिंग क्रमांक तुम्हाला देतो. पाकीट पोहोचतं. नोंद ‘डिलिव्हर्ड’, शहर तेच, तारीख जुळणारी. प्लॅटफॉर्म (ज्या अ‍ॅपवरून मागवलं ते) आणि बँक दोघंही म्हणतात, पोहोचलंय की. इथे कुरियरला ‘माझं पार्सल कुठे आहे’ असं विचारून उपयोग नाही. विचारायचं असं: ‘या क्रमांकाचं पार्सल माझ्या पत्त्यावर दिलं गेलं का? हो किंवा नाही, लेखी कळवा.’ दुसऱ्या माणसाचा पत्ता ते तुम्हाला सांगणार नाहीत आणि सांगूही नये, पण ‘आपल्या पत्त्यावर नाही’ एवढं कळवायला बहुतेकांची हरकत नसते. नोंदवलेलं वजनही मागा. मिक्सर मागवलाय आणि वजन पन्नास ग्रॅम, म्हटल्यावर पुढे वाद घालायला फारसं उरत नाही.

आता पत्र. फोनवरचं आश्वासन हवेत विरतं, म्हणून फोन केला तरी त्यानंतर ईमेल हवाच. राग, इतिहास, ‘मी इतकी वर्षं ग्राहक आहे’ हे सगळं बाजूला ठेवा. तक्रार वाचणारा माणूस एका प्रकरणाला दोन-तीन मिनिटं देतो आणि त्यात तो क्रमांक, तारीख आणि मागणी शोधतो. मी लिहिलं तर असं लिहीन:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, ट्रॅकिंग क्रमांक तमुक. दिनांक अमुक रोजी दुपारी २.१४ वाजता पार्सल दिल्याची नोंद दिसते. ते मला, घरातील कोणालाही, शेजाऱ्यांना किंवा इमारतीच्या रखवालदाराला मिळालेले नाही. दाराशी अथवा अन्य व्यक्तीकडे ठेवण्याची सूचना मी दिलेली नव्हती. कृपया पोहोचपावती, घेणाऱ्याचे नाव व सही किंवा छायाचित्र, पार्सल दिल्याच्या क्षणाची जीपीएस नोंद आणि प्रत्येक केंद्रावर नोंदलेले वजन कळवावे. माल माझ्या ताब्यात आलेला नसल्याने पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करावी.’

एवढंच. हे विक्रेत्याला किंवा प्लॅटफॉर्मला पाठवा, कुरियरला प्रत द्या. ‘जीपीएस नोंद’ हे शब्द दिसले की कुरियरच्या कार्यालयात पत्र वाचण्याची पद्धत बदलते, कारण पोहोचल्याची नोंद करताना हातातलं यंत्र सहसा जागाही टिपतं आणि ती जागा दोन गल्ल्या पलीकडची निघाली तर प्रकरण तिथेच मिटतं. छायाचित्र आलं तर दार नीट बघा: फरशी, पायपुसणं, दाराचा रंग. तुमच्या दाराचा फोटो शेजारी लावून उत्तर पाठवा. छायाचित्र खरंच तुमच्या दाराचं असेल, तर मात्र पार्सल ठेवल्यावर कोणीतरी उचललेलं आहे. अशा वेळी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जोडावी लागते. पण ‘दाराशी ठेवा’ असं तुम्ही सांगितलेलं नसेल, तर न विचारता ठेवून गेलेल्या पार्सलची जोखीम विक्रेत्याचीच, हा मुद्दा सोडू नका.

पैसे घ्यावेत की बदली वस्तू? ती वस्तू इतरत्र मिळत असेल तर मी पैसेच मागेन. बदली पार्सल त्याच हबमधून, त्याच माणसाच्या हातून येतं, आणि दुसऱ्यांदा गहाळ झालं की तुमच्या खात्याकडेच संशयाने बघायला सुरुवात होते.

आता दुसरं खोकं, ज्यात भलतीच वस्तू निघाली. व्हिडिओ असता तर उत्तम. लेबलपासून सुरू झालेला, मध्ये न तुटलेला, वस्तू पूर्ण बाहेर येईपर्यंतचा व्हिडिओ वाद लवकर मिटवतो. पण व्हिडिओ हा पुराव्याचा एक प्रकार आहे, तो नसला म्हणून हक्क संपत नाही. तुमच्याकडे खोकं अजून आहे ना? मग ते टाकू नका. सहाही बाजूंचे फोटो काढा, लेबलचा जवळून काढा, आतलं भरावाचं साहित्य आणि आलेली वस्तू जशी होती तशी ठेवून काढा.

मग चिकटपट्टी बघा. गोदामात पट्टी यंत्राने किंवा एकाच हाताने लावलेली असते: एकच रुंदी, सरळ रेषा, बऱ्याचदा कंपनीचं नाव छापलेलं. मध्येच वेगळ्या रुंदीची साधी पट्टी, पट्टीखाली अजून एक कापलेली पट्टी, किंवा वरचं तोंड शाबूत आणि तळाची शिवण उघडून पुन्हा बंद केलेली, असं दिसलं तर खोकं वाटेत उघडलं गेलंय. तळाची शिवण लोक बघतच नाहीत, उघडणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

त्यानंतर वजन. लेबलवर पाठवतानाचं वजन छापलेलं असतं, आणि मोठ्या हबमध्ये सरकत्या पट्ट्यावरून जाताना पार्सल आपोआप तोललं जातं. लेबलवर १.२ किलो आणि पुढच्या हबवर ०.४ किलो असेल तर चोरी त्या दोन ठिकाणांच्या मधली. सुरुवातीपासूनच ०.४ असेल तर घोळ विक्रेत्याच्या गोदामात. मात्र लेबलवरचं वजन कधीकधी आकारमानावरून काढलेलं असतं: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, असा हिशेब विमानाच्या मालासाठी सर्रास वापरतात. मोठ्या, हलक्या खोक्याच्या बाबतीत तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त दिसतो, म्हणून ‘प्रत्यक्ष तोललेलं वजन’ असं स्पष्ट लिहून मागा. घरच्या काट्यावर आलेलं खोकं तोलून त्याचाही फोटो लावा. व्हिडिओ नाही म्हणून नकार देणाऱ्या विक्रेत्यालाही वजनाची नोंद सहजासहजी नाकारता येत नाही, कारण ती नोंद त्याच्याच वाहतूकदाराची असते.

वेळ मात्र घालवू नका. ग्राहक म्हणून तुमची कायदेशीर मुदत बहुधा मोठी असते, पण विक्रेत्याला कुरियरकडून भरपाई मिळण्याची मुदत फार छोटी असते. आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतुकीच्या १९५६ च्या सीएमआर करारात बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना सात दिवसांत द्यावी लागते. हवाई मालासाठी १९९९ च्या माँट्रियल करारात १४ दिवस. देशांतर्गत कुरियरांच्या अटी तर याहूनही आखूड असू शकतात. ती खिडकी उघडी असेपर्यंत विक्रेता तुमच्याशी नरमाईने बोलतो, कारण त्याचं नुकसान पुढे ढकलता येतं. ती बंद झाली की पैसे त्याच्या खिशातून जाणार, आणि मग व्हिडिओची आठवण निघते. बाहेरून चेपलेलं पार्सल घेताना यंत्राच्या पडद्यावर सही करण्याआधी फोटो काढा, आणि शेरा लिहिण्याची सोय असेल तर ‘बाहेरून खराब, आत तपासलेलं नाही’ असं लिहा.

‘कुरियरने आम्हाला एवढीच भरपाई दिली’ असं सांगून विक्रेता अर्धी रक्कम पुढे करेल. घेऊ नका. वाहतूकदाराची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी वजनावर मोजली जाते. सीएमआर करारात ती किलोला ८.३३ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या फोनला दोन एसडीआरसुद्धा नाहीत. ही मर्यादा वाहतूकदार आणि विक्रेता यांच्यातली आहे. तुम्ही पूर्ण किंमत दिली, तुम्हाला पूर्ण किंमतच परत हवी. हा नियम आठवायचा तो तुम्ही स्वतः कोणाला काही पाठवाल तेव्हा: मूल्य जाहीर केलं नाही आणि विमा घेतला नाही, तर भरपाई म्हणून वजनाचेच पैसे मिळतील.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर बँक. कार्डाने भरलेले पैसे वादग्रस्त म्हणून परत मागता येतात, त्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ‘माल मिळाला नाही’ या कारणासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँक स्वतःची मुदत याहून कमी ठेवू शकते. इथे बहुतेकांचा अर्ज एकाच कारणाने बारगळतो. फॉर्मवर ते ‘फसवणूक’ किंवा ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ यावर खूण करतात. व्यवहार तुम्हीच केलाय, ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता. बँक दोन मिनिटांत तो दावा फेटाळते आणि वर कार्ड बंद करून टाकते. पहिल्या पार्सलसाठी ‘माल मिळाला नाही’ निवडा, दुसऱ्यासाठी ‘माल वर्णनानुसार नाही’. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे करा, एका अर्जात गुंफू नका. सोबत ऑर्डरची प्रत, अपेक्षित तारीख, विक्रेत्याला पाठवलेलं पत्र आणि त्याचं उत्तर (किंवा उत्तर आलंच नाही ही नोंद) जोडा. दुसऱ्या प्रकरणात वस्तू परत करायची तयारी लेखी दाखवावी लागते, नाहीतर दावा टिकत नाही. आणि प्लॅटफॉर्मने पैसे परत करायला सुरुवात केली असेल तर थांबा. दोन्हीकडून एकाच वेळी पैसे मागणं म्हणजे खातं बंद करून घेण्याचा हमखास मार्ग.

रोखीने पैसे दिले असतील तर ही वाट नाही. मग प्लॅटफॉर्म आणि तुमच्या देशातली ग्राहक तक्रार यंत्रणा, एवढंच उरतं.

पार्सल देताना मागतात त्या ओटीपीबद्दल एकच: पार्सल हातात येऊन लेबल वाचल्याशिवाय तो सांगायचा नाही. ‘खाली उभा आहे, लिफ्ट बंद आहे, ओटीपी सांगा, रखवालदाराकडे ठेवतो’ असं म्हटलं तरी नाही. ओटीपी दिला की तो तुमच्याच सहीसारखा वापरला जातो, आणि अशा प्रकरणात ग्राहकाला पैसे मिळवून देणं मलासुद्धा फार क्वचित जमलंय. पार्सल शोधत असताना ‘पत्ता अपुरा आहे, किरकोळ शुल्क भरा’ असा एसएमएस आला तर त्यातला दुवा उघडू नका. कार्डाचे तपशील चोरण्याचा हा जगभरचा प्रकार आहे, आणि तुम्ही खरंच पार्सलची वाट बघत असता म्हणूनच तो लागू पडतो. ट्रॅकिंग क्रमांक स्वतः कुरियरच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करा.

शेवटी, पैसे परत मिळाल्यावर दोन आठवड्यांनी ते पार्सल दारात येऊन उभं राहिलं तर? असं होतं, विशेषतः लेबल फाटलेल्या पार्सलांच्या बाबतीत. घेतलंत तर न उघडता ठेवा आणि विक्रेत्याला लिहा: पार्सल आता आलंय, तुमच्या खर्चाने घेऊन जा किंवा किंमत कळवा. चौदा दिवस वाट बघतो असं नमूद करा. बरेच विक्रेते ‘राहू द्या’ म्हणतात, कारण परत नेण्याचा खर्च परवडत नाही. ते उत्तर जपून ठेवा. पोहोचल्याची नवी नोंद विक्रेत्याच्या पडद्यावरही उमटते, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तीच पुढच्या तक्रारीत तुमच्याविरुद्ध दाखवतील.